खुळखुळ्यावरचा पतंग

ताग किंवा खुळखुळा फुलून शेंगांवर आला की त्या झाडांत एक लहानसं पांढरं पाखरू भर दिवसा उडताना दिसतं. चालताना आपला पाय लागला की गवतातून उठतं, दहा-बारा हातांवर जाऊन पुन्हा एखाद्या काडीला बिलगतं. पंखांवर तांबडे आणि काळे ठिपके. पाहणारे बहुतेक त्याला फुलपाखरूच म्हणतात, आणि दिवसा उडणाऱ्या रंगीत पंखांच्या जिवाला तसं म्हटलं म्हणून कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण तो पतंग आहे. टायगर मॉथ नावाने ओळखल्या जाणाऱ्या पतंगांच्या मोठ्या गोतावळ्यातली युटेथिसा ही त्याची प्रजाती, आणि आपल्याकडे सर्रास दिसणारी तिची जाती म्हणजे युटेथिसा पुल्चेला.

ठिपक्यांमुळे हा पतंग कॅमेऱ्यांना आवडतो. अभ्यासकांना तो आवडतो तो वेगळ्या कारणाने. त्याच्या अंगाचा जवळजवळ प्रत्येक भाग एका वनस्पतीच्या विषाशी बांधलेला आहे, आणि प्राणिशास्त्रात त्याची जागा ज्या खुणांवरून ठरली त्यातल्या बहुतेक खुणा फोटोत येतच नाहीत. म्हणून आधी त्याचं अंग नीट तपासू, मग त्याचं नाव-गाव पाहू. उलट्या क्रमाने गेलं की नुसती लॅटिन नावांची यादी हाती लागते.

पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण ३ ते ४ सेंटिमीटर भरतात. बसताना मात्र तो ते पसरत नाही, पुढचे पंख अंगाभोवती लपेटून घेतो आणि अरुंद, लांबट दिसतो. हे बसणं लक्षात ठेवावं, पुढे त्याचं काम पडणार आहे. पुढच्या पंखाचा रंग सायीसारखा पांढरा. त्यावर काळ्या ठिपक्यांच्या वेड्यावाकड्या ओळी आणि त्या ओळींच्या मधे तांबडे, काहीसे चौकोनी डाग. मागचा पंख निखळ पांढरा, त्याच्या बाहेरच्या कडेला नागमोडी काळी किनार आणि मध्याजवळ एखाद-दुसरी काळी खूण. डोकं आणि छाती पिवळसर, त्यांवरही काळे टिपके. वर्णन सोपं वाटतं, पण दहा पतंग शेजारी मांडले तर दहांचे ठिपके सारखे नसतात. एकात तांबडे डाग एकमेकांना जोडून पट्टे होतात, दुसऱ्यात ते इतके बारीक होतात की पंख नुसता काळ्या टिपक्यांचा वाटतो. एकाच जातीत एवढा फरक असेल तर दोन जातींमधला फरक ठिपक्यांवरून सांगणाऱ्याने जपून बोलावं.

डोक्यावरच्या मिशा धाग्यासारख्या बारीक. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते ती इथे नाही, आणि पतंग ओळखायची घरबसल्या जमणारी खूण हीच. टायगर मॉथच्या कित्येक जातींत प्रौढ पतंगाची सोंड खुंटलेली असते, कारण त्यांना खायचंच नसतं. युटेथिसाची सोंड शाबूत आहे आणि ती फुलांवर मधही पिते.

पुढचा आणि मागचा पंख उडताना एकत्र हलावेत म्हणून मागच्या पंखाच्या मुळाशी एक ताठ केस असतो, तो पुढच्या पंखाखालच्या आकड्यात अडकतो. नरात हा केस एकच आणि जाड, मादीत बारीक केसांचा झुबका. ही सोय बहुतेक पतंगांत सारखीच, त्यामुळे तिच्यावरून नर-मादी कळते, प्रजाती कळत नाही.

प्रजातीच्या जवळ नेतात त्या शिरा. पंखावरचे खवले पुसून काढले, किंवा रसायनात बुडवून पंख पारदर्शक केला, की शिरांचं जाळं उघडं पडतं. पतंगांच्या वर्गीकरणात शंभराहून अधिक वर्षं हेच जाळं प्रमाण मानलं गेलं. युटेथिसाच्या मागच्या पंखात मधली एक शीर खाली सरकून शेजारच्या शिरेच्या बुडाशी येते, आणि तिथे एका मुख्य शिरेला चार फाटे फुटल्यासारखं दिसतं. दुसऱ्या एका मोठ्या गटात ही मधली शीर अशक्त किंवा नाहीशी झालेली असते आणि फाटे तीनच भासतात. चार फाटेवाले आणि तीन फाटेवाले, अशी ही जुनी विभागणी. त्याशिवाय टायगर मॉथच्या मागच्या पंखात कडेची शीर मधल्या कप्प्याच्या शिरेशी बरंच अंतर जोडून चालते. हौशी माणसाला हा तपशील रुक्ष वाटेल. पण रंग ऋतूनुसार, जागेनुसार, खाण्यानुसार बदलतो, तशा शिरा बदलत नाहीत.

आता कान. पतंगाला कान असतो हेच पुष्कळांना नवल वाटतं, आणि तो डोक्यावर नसून छातीच्या शेवटच्या खंडावर, पोटाच्या सांध्याजवळ असतो हे आणखी नवल. बाजूला एक खळगा, त्यावर ताणलेला पातळ पडदा आणि पडद्याला आतून चिकटलेल्या अवघ्या दोन श्रवणपेशी. एवढ्या सामग्रीवर पतंगाला वटवाघळाच्या हाका ऐकू येतात. त्या हाका सेकंदाला २०,००० कंपनांच्याही वरच्या असतात, म्हणजे आपल्या कानांच्या पलीकडच्या. एक पेशी दूरची, क्षीण हाक टिपते, दुसरी जवळ आलेली, मोठी हाक. दूरची असेल तर पतंग दिशा बदलतो, अगदी जवळची असेल तर गटांगळ्या खात खाली पडतो. वर्गीकरण करणाऱ्याचं लक्ष मात्र पडद्यापेक्षा त्याच्या शेजारच्या घडीवर असतं. कानासमोर, पोटाच्या पहिल्या खंडावर, टोपीसारखी एक घडी असते. ती श्वासरंध्राच्या पुढे आहे की मागे, यावरून टायगर मॉथ आणि इतर कानवाले पतंग वेगळे काढले जात. टायगर मॉथमध्ये ती पुढे असते.

कानाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, या गोतावळ्यातल्या कित्येक जाती नुसत्या ऐकत नाहीत, उलट उत्तरही देतात. छातीच्या बाजूला खाचा असलेली एक पातळ पट्टी असते. ती आत-बाहेर लवली की टकटक असे, बहुतेक आपल्या कानांच्या पलीकडचे आवाज निघतात. काही जातींत त्याचा अर्थ ‘मी कडू आहे’ एवढाच असतो. अमेरिकेतल्या बर्थोल्डिया ट्रायगोना या जातीचे आवाज इतके दाट असतात की वटवाघळाचा अंतराचा अंदाजच चुकतो. कॉर्कोरन, बार्बर आणि कॉनर यांनी २००९ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं.

पोटाच्या टोकाशी या पतंगाचं खरं ओळखपत्र आहे. मादीच्या पोटाच्या टोकाजवळ, पाठीच्या बाजूने, बाहेर काढता येणाऱ्या दोन नळ्यांची गंधग्रंथी असते. अशी जोडनळी ही टायगर मॉथच्या अख्ख्या गटाची खूण मानली जाते. संध्याकाळनंतर मादी एका जागी बसून त्यातून गंध सोडते, आणि अमेरिकेतल्या युटेथिसा ऑर्नाट्रिक्स या जातीत तो सलग नाही तर ठेक्याने, थांबून थांबून सोडला जातो. वाऱ्यावरून नर येतो. नराच्या पोटाच्या टोकाला दोन बाजूंना केसांचे दोन कुंचले दडवलेले असतात. मादीजवळ पोहोचल्यावर तो ते फुलवून बाहेर काढतो आणि तिच्या अंगाला टेकवतो. त्या कुंचल्यांना कसला वास असतो, हा या लेखाचा गाभा आहे. पण त्याआधी सुरवंट पाहायला हवा, कारण वासाची सुरुवात तिथे होते.

पुल्चेलाचा सुरवंट काळसर-करडा असतो. पाठीवरून पांढरी रेघ आणि प्रत्येक खंडावर नारिंगी-तांबडा आडवा पट्टा. अंगावर काळे मस आणि त्या मसांतून फुटलेले केस. केस एकेकटे नसून एका मसातून झुबक्याने येतात, ही टायगर मॉथच्या सुरवंटाची रीत. पोटाकडच्या मऊ पायांच्या तळव्यांवर पान पकडायला बारीक आकडे असतात. त्यांची ओळ सारख्या मापाची नसते, मधले आकडे मोठे आणि दोन्ही टोकांचे एकदम खुजे. भिंगाखाली ही ओळ दिसली की सुरवंट कोणत्या गोतावळ्यातला हे ठरलं.

शेतकऱ्याला हा सुरवंट वेगळ्याच नात्याने माहीत आहे. हिरवळीच्या खतासाठी ताग पेरून फुलोऱ्याच्या आधीच गाडला तर त्याचा फारसा उपद्रव नाही. बियाण्यासाठी ताग उभा ठेवला तर मात्र तो आधी पानं खातो आणि शेंगा भरल्या की त्यांना भोक पाडून आतलं बी फस्त करतो. आर्जिना नावाच्या जवळच्या प्रजातीचा सुरवंटही हेच करतो. नारिंगी पंखांवर पांढऱ्या वेढ्यातले काळे ठिपके असलेला आर्जिना त्याच झाडावर, त्याच दिवसांत दिसतो, म्हणून दोघांची गल्लत होते. पुल्चेला तागाशिवाय भुरुंडीसारख्या झाडांवरही वाढतो.

ताग-खुळखुळा एका कुळातले, भुरुंडी दुसऱ्या. वनस्पती म्हणून त्यांचं नातं दूरचं. त्यांना जोडणारा धागा विषाचा आहे. या सगळ्यांत पायरोलिझिडीन अल्कलॉइड या जातीची संयुगं असतात. पाना-खोडापेक्षा खुळखुळ्याच्या बियांत ती जास्त साठतात. खुळखुळ्याच्या काही जाती पोटात गेल्या की गुरांचं यकृत निकामी होतं, आणि ते याच संयुगांमुळे. सुरवंट शेंगा पोखरतो तेव्हा झाडाने सगळ्यात कडक बंदोबस्त जिथे ठेवला आहे तिथेच तो हात घालतो.

त्याला ते बाधत कसं नाही, हे समजायला या विषाची एक खोड माहीत असावी. अल्कलॉइडची दोन रूपं आहेत. एक ऑक्सिजन जोडलेलं, पाण्यात विरघळणारं, तसं निरुपद्रवी. दुसरं ऑक्सिजन नसलेलं, जे पेशीत सहज शिरतं आणि यकृतातल्या विकरांच्या हाती लागलं की घातक होतं. पहिलं रूप खाल्लं तरी पुष्कळ प्राण्यांच्या आतड्यात त्याचं दुसरं रूप होतं, आणि म्हणून ते मरतात. टायगर मॉथच्या सुरवंटांच्या रक्तात एक विकर असतं, ते दुसऱ्या रूपाला पुन्हा ऑक्सिजन जोडून पहिल्या रूपात परत पाठवतं. हे विकर युटेथिसाच्या युरोपातल्या नातेवाइकात, सिनाबार पतंगात, नीट अभ्यासलं गेलं आहे. अशा रीतीने सुरवंट विष सोसतो आणि शिवाय ते मुरवून ठेवतो. कोष झाला, कोषातून पतंग निघाला, तरी साठा अंगात कायम.

या साठ्याचा उपयोग काय, हे ज्यांनी उलगडलं ते अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे टॉमस आइसनर आणि त्यांचे रसायनशास्त्रज्ञ सहकारी जेरल्ड माइनवाल्ड. त्यांची जाती ऑर्नाट्रिक्स, आपल्या पुल्चेलाची अमेरिकन बहीण. तिचे पुढचे पंख पिवळे-गुलाबी, मागचे गडद गुलाबी आणि काळ्या किनारीचे. फ्लोरिडात ती खुळखुळ्याच्याच जातींवर राहते. आइसनर यांना दिसलं ते असं. पतंग कोळ्याच्या मोठ्या जाळ्यात अडकला, कोळी धावत आला, त्याने पतंगाला चाचपलं, आणि मग त्याच्याभोवतीचे धागे एकेक करून कापून त्याला सोडून दिलं. पतंग एवढा वेळ निपचित होता, सुटल्यावर उडून गेला. हे विषामुळेच होतं का, हे पडताळायला त्यांनी काही सुरवंट घेवड्याच्या जातीतल्या बियांच्या खाद्यावर वाढवले, ज्यात हे अल्कलॉइड नव्हतं. त्यांचे पतंग दिसायला तसेच, पण जाळ्यात टाकल्यावर कोळ्याने ते खाऊन टाकले. ठिपके दोघांनाही होते. कोळ्याला ठिपक्यांशी देणंघेणं नव्हतं.

पतंगाला चिमटीत धरलं तर डोक्यामागून फेस येतो, त्यातही हेच विष. पण साठ्याचा सगळ्यात अजब वापर लग्नात होतो. नराच्या कुंचल्यांना जो वास असतो तो हायड्रॉक्सिडॅनाइडल नावाच्या संयुगाचा, आणि ते संयुग नर स्वतःच्या अंगातल्या अल्कलॉइडपासूनच बनवतो. अल्कलॉइड जास्त तर वास जास्त. अल्कलॉइडविना वाढलेल्या नराच्या कुंचल्याला हा वास नसतो आणि मादी त्याला बहुधा नाकारते. अंधारात रंग दिसत नाही, पण कुंचला टेकला की समोरच्याची शिल्लक किती हे मादीला कळतं.

त्या शिलकीत तिचा हिस्सा असतो. मीलनात नर तिला शुक्रजंतूंची एक पुडी देतो. ती नराच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढी भरू शकते, आणि तिच्यात शुक्रजंतूंबरोबर अन्न आणि अल्कलॉइड असतं. मादी ते अल्कलॉइड स्वतःच्या साठ्यात मिसळून अंड्यांत उतरवते. आईचा वाटा मोठा, बापाचा लहान, पण दोघांचाही असतो. मुंग्या आणि लेसविंगच्या अळ्या अशी अंडी टाळतात. दुसरी गंमत आइसनर यांच्या गटाने १९९९ मध्ये मांडली. अल्कलॉइडविना वाढवलेली मादी अल्कलॉइडवाल्या नराशी जुगली की तीसुद्धा कोळ्यांना नकोशी होते, कारण मिळालेलं विष तिच्या अंगभर झटपट पसरतं.

मादी आयुष्यात एकाहून अधिक नरांशी जुगते, चार-पाचांशी तर सहज. प्रत्येकाची पुडी ती घेते. पण पिल्लं सगळ्यांची सारखी होत नाहीत. मोठ्या नराच्या शुक्रजंतूंना पसंती मिळते, आणि ही निवड मादीच्या अंगातल्या नळ्या आणि स्नायूंच्या रचनेत, मीलन उरकल्यावर होते. ज्यांना अल्कलॉइड पुरेसं मिळालं नाही असे सुरवंट आपल्याच जातीची अंडी खातात, कारण त्यांत ते असतं. हे वाचून कुणी या पतंगाच्या संसाराला सुंदर म्हणेल असं वाटत नाही, पण हिशेबात तो पक्का आहे.

कुंचल्याचा विषय सोडण्याआधी आपल्याकडच्या दुसऱ्या एका टायगर मॉथचा उल्लेख करायलाच हवा. क्रिएटोनोटॉस गँजिस हा तो. पोटातून लांबच लांब केसाळ नळ्या बाहेर काढून बसलेल्या पतंगाचा व्हिडिओ मोबाइलवर फिरत असतो, ‘परग्रहावरचा जीव’ वगैरे मथळ्याखाली. त्या नळ्या म्हणजे नराचा गंधकुंचला. जर्मनीतल्या श्नायडर, बोप्रे आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवलं की क्रिएटोनोटॉसमध्ये त्या किती वाढतील हे सुरवंटाने किती अल्कलॉइड खाल्लं यावर ठरतं. खाद्यात ते नसेल तर कुंचले खुरटे राहतात. एखाद्या अवयवाचं मापच अन्नातल्या विषावर ठरावं अशी उदाहरणं प्राण्यांत विरळा.

आता नाव-गाव. स्वीडनच्या लिनियसने १७५८ च्या आपल्या ग्रंथात सगळ्या पतंगांना, हॉक मॉथसारखे थोडे वगळता, फॅलीना या एकाच प्रजातीत घातलं आणि आत पोटगट केले. पुल्चेलाला त्याने टिनिया या गटात बसवलं, म्हणजे कापड खाणाऱ्या कसरीच्या पंक्तीत. अंगाला पंख लपेटून बसण्याची सवय त्याला कारण असावी. अमेरिकेच्या उत्तरेकडून आलेल्या एका पतंगाला त्याने बेला म्हटलं आणि तोही टिनियात ठेवला. दक्षिणेकडच्या दुसऱ्याला ऑर्नाट्रिक्स म्हणून नॉक्टुआ या वेगळ्या गटात टाकलं. हे दोघे पुढे एकाच जातीचे निघाले. उत्तरेकडचा रंगाने भडक, दक्षिणेकडचा फिका, मधल्या मुलखात मधले. कॉर्नेलच्याच विल्यम फोर्ब्सने १९६० मध्ये दोघांना एक करावं असं सुचवलं, आणि नंतरच्या संकर-प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला. रंगावर विसंबल्याने एकाच जातीला दोनशे वर्षं दोन नावं राहिली. लिनियसला दोष देता येणार नाही, त्याच्यासमोर टाचणीला टोचलेले थोडेसे नमुने होते.

युटेथिसा हे नाव ऑग्सबर्गच्या याकोब ह्युबनरने १८१९ मध्ये दिलं. एकोणिसाव्या शतकातले कित्येक इंग्रज लेखक मात्र याच पतंगाला डिओपिया म्हणत, त्यामुळे जुनी पुस्तकं चाळताना ते नाव भेटलं तर गोंधळू नये. फ्रेडरिक मूरने १८७७ मध्ये पूर्वेकडच्या बेटांवरच्या काही जातींसाठी पिटासिला ही स्वतंत्र प्रजाती काढली. आता तिला युटेथिसाच्या पोटातली उपप्रजाती मानतात. रॉब डी व्होस या डच अभ्यासकाने २००७ मध्ये इंडो-ऑस्ट्रेलियन जातींची फेरतपासणी केली तेव्हा पिटासिलाची ही जागा कायम झाली.

सगळ्यात किचकट प्रकरण पांढऱ्या, तांबड्या ठिपक्यांच्या जुन्या जगातल्या जातींचं आहे. पुल्चेला आफ्रिका, दक्षिण युरोप आणि पश्चिम आशियापासून भारतापर्यंत. लोट्रिक्स, जिला डच संग्राहक क्रामरने नाव दिलं, आफ्रिकेपासून भारतावरून ऑस्ट्रेलियाकडे. आणि पुल्चेलॉइडिस, जिला हॅम्पसनने १९०७ मध्ये वेगळी काढली, हिंदी महासागरातल्या बेटांपासून पॅसिफिकपर्यंत. तिघी इतक्या सारख्या की संग्रहालयांतल्या पेट्यांत त्या वर्षानुवर्षं एका चिठ्ठीखाली होत्या. इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयात काम करणाऱ्या कार्ल जॉर्डनने १९३९ मध्ये या जातींमधले फरक कोणते कायम आणि कोणते बदलते, एवढ्याच प्रश्नावर एक मोठा निबंध लिहिला. ठिपके बदलते निघाले. नराच्या जननेंद्रियांचे कठीण भाग कायम निघाले. ते पाहायचे तर मेलेल्या पतंगाच्या पोटाचं टोक कापून, क्षारात उकळून, मांस विरघळवून, उरलेला सांगाडा काचेवर मांडावा लागतो. आजही खात्रीचा मार्ग तोच, जोडीला डीएनए.

रंग किती लवकर उडून जाऊ शकतो हे गालापागोस बेटांवर दिसतं. तिथे याच प्रजातीच्या काही जाती आहेत, गालापागेन्सिस, डेव्हरीसी, पेरी. त्या मळकट राखाडी-तपकिरी आहेत आणि रात्री उडतात. फोटो शेजारी ठेवले तर पुल्चेलाच्या नातलग म्हणून कुणी त्यांना ओळखणार नाही.

प्रजातीच्या वरच्या पायऱ्यांवरही उलथापालथ झाली, पण ती थोडक्यात सांगता येते. टायगर मॉथचं आर्क्टिइडी हे स्वतंत्र कुल होतं, आणि मराठी-इंग्रजी पाठ्यपुस्तकांत अजूनही तेच छापलेलं सापडतं. गुणसूत्रांतल्या जनुकांची तुलना सुरू झाल्यावर दिसलं की हे कुल वेगळं नसून चार फाट्यांच्या शिरा असलेल्या एका मोठ्या फांदीच्या आतच फुटलेलं आहे. झहिरी आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या अभ्यासानंतर त्या फांदीला एरेबिडी हे कुल म्हणतात आणि टायगर मॉथ त्यातलं आर्क्टिइनी हे उपकुल झालं. जगभरातल्या सुमारे ११,००० जाती एका पायरीने खाली उतरल्या. जुन्या लोकांनी शिरांवरून जी चार फाट्यांची फांदी ओळखली होती ती जनुकांनी बरीचशी खरी ठरवली, हे मात्र त्यांच्या पदरात टाकायला हवं. उपकुलाच्या आत युटेथिसा ज्या पोटगटात बसते त्यात आर्जिना आणि सिनाबार तर आहेतच, शिवाय ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर हजारोंनी जमणारा युप्लॅजिया पतंगही आहे. त्या जागेला पर्यटक ‘फुलपाखरांची दरी’ म्हणतात. आपल्याकडे जी गफलत होते तीच तिथेही.

शेवटी फोटो काढणाऱ्यांसाठी. शेंगांच्या दिवसांत खुळखुळ्यावर हा पतंग दिसला तर बसलेल्या अवस्थेतल्या एका फोटोवर थांबू नका. तो उडताना किंवा पंख उघडताना मागच्या पंखाची काळी किनार टिपा, कोणत्या झाडावर होता ते लिहून ठेवा, जवळपास सुरवंट असेल तर त्याचाही फोटो घ्या. आणि नोंद टाकताना जातीच्या रकान्यात घाईने पुल्चेला लिहिण्याऐवजी नुसतं युटेथिसा लिहा. पुढे कुणी त्या ठिकाणचे नमुने तपासेल तेव्हा तुमची अर्धी पण खरी नोंद त्याच्या जास्त उपयोगाची ठरेल.